उच्चारदोष, मध्यम

"पाणी म्हण," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, "पाणी."

"लोणी."

"लोणी."

"आणि. कोण. वेणी."

मी सगळं म्हटलं. उभी राहून. वय एकतीस. स्पीच थेरपीतली मास्टर्सची पदवी. दादरच्या त्या क्लिनिकमध्ये नोकरीचं चौथं वर्ष. समोरच्या सोफ्यावर वरळीच्या टॉवरमधून आलेली एक आई बसली होती आणि माझे ण तपासत होती. शेजारी तिची पाच वर्षांची रेवा. दाराशी रेवाला सांभाळणाऱ्या मंगलताई, मुलीची पिशवी खांद्याला लावून.

झालं होतं एवढंच. सेशनच्या आधी मी कोपऱ्यात जाऊन फोनवर माझ्या आईशी बोलले होते. "मी नाय येत जेवायला, पन तू खाऊन घे." ते रेवाच्या आईने ऐकलं. ती तडक मॅडमकडे गेली. क्लिनिक मॅडमचं.

"ही स्वतःच तशी बोलते. आणि आमच्या मुलीला ही सुधारणार?"

म्हणून परीक्षा. सगळ्यांसमोर.

शेवटी रेवाच्या आईने मान हलवली. "ठीक वाटतंय. फक्त मुलीसमोर काळजी घ्या."

"सॉरी," मी म्हटलं.

आईशी आईच्या भाषेत बोलले, त्याबद्दल मी सॉरी म्हटलं. मंगलताई लालबागच्या. माझ्यासारखंच बोलणाऱ्या. त्यांनी मान खाली घातली. माझी लाज त्यांना वाटली, की स्वतःची, कोण जाणे.

ही परीक्षा मला नवी नव्हती. चौथीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं आणि मी 'पानी' वाचलं. वर्ग हसला. बाईंनी विचारलं, "तुमच्यात असंच बोलतात का गं?" जोर 'तुमच्यात'वर. तो जोर सगळ्या वर्गाला कळला. नऊ वर्षांच्या मलाही कळला. तास संपेपर्यंत बाकावर उभी होते.

घरी सांगितलं नाही. वडील महापालिकेच्या शाळेत शिपाई. शिक्षक चुकतो, हे त्यांना पटलं नसतं. मी आरशासमोर उभी राहून जीभ टाळूला लावायचा सराव केला. वर्षभर. मग वक्तृत्वाचं बक्षीसही मिळवलं. बक्षीस देताना त्याच बाई म्हणाल्या, "बघा, मनावर घेतलं की जमतं." मी खूश झाले. आज त्या खूश झालेल्या मुलीचा मला राग येतो.

तेव्हापासून घरात एक तोंड, बाहेर दुसरं. स्पीच थेरपी शिकायला गेले ते त्यामुळेच असावं. ज्याचा शब्द अडतो त्याच्या बाजूने उभं राहायचं, असं मनात होतं. उभी राहिले भलत्याच बाजूने.

कारण रेवाला काहीही झालेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी तिची तपासणी केली. सगळे आवाज चोख. बोलायला लागली की थांबायची नाही. माशी भिंतीवर उलटी कशी चालते, यावर तिने मला पाच मिनिटं सुनावलं होतं. फक्त 'नाही'ला 'नाय' म्हणायची आणि 'पाहिजे'ला 'पायजे'. आईवडील दिवसभर ऑफिसात. पोर बोलायला शिकली ती मंगलताईंच्या कडेवर. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'वाचा वयानुसार. दोष नाही.'

मॅडमनी कागद परत पाठवला. "दोष नाही तर त्या आपल्याकडे येतील कशाला? उच्चारदोष, मध्यम, असं लिही. कारण लिही, घरातल्या बाईच्या बोलीचा परिणाम."

मी लिहिलं. सही केली. असे रिपोर्ट आधीही लिहिले होते.

त्याच सुमारास माझा आवाज जायला लागला. सकाळी नायगावच्या चाळीतून निघायचं तर चप्पल घालून जिन्यातच बसून राहायचे. उठवत नसे. क्लिनिकची पाटी दिसली की आवाज फाटायला लागायचा. दुपारपर्यंत तोंडातून नुसती हवा. रविवारी आवाज परत यायचा. रविवारीच का येतो, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. "घशात काही नाही. कामाचा ताण आहे. आराम करा." आठ दिवस आराम केला. नवव्या दिवशी पाटी दिसली, आवाज पुन्हा गेला. मॅडमनी आम्हा सगळ्या स्टाफसाठी ताणमुक्तीचं शिबिरही ठेवलं. सुगंधी मेणबत्त्या. डोळे मिटा. श्वास सोडा. जे त्रास देतं ते सोडून द्या. मॅडम माझ्या शेजारीच डोळे मिटून बसल्या होत्या. मला हसू आलं, आणि मग रडू.

परीक्षेनंतर तीन आठवडे झाले असतील. रेवा समोर बसली होती. मी मांजराचं चित्र दाखवलं. "हे काय?"

ती गप्प.

सशाचं दाखवलं. गप्प. माशीचं चित्र काढून दाखवलं. तिने हाताने तोंड झाकलं आणि बोटांच्या आडून म्हणाली, "चुकेल."

तासभरात तेवढा एकच शब्द.

मी बाहेर आले. जिन्यात मंगलताई उभ्या होत्या. मी विचारलं, घरी बोलते का? त्यांनी वर दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं.

"म्याडम, मला सांगितलंय, पोरीशी बोलायचं नाय. भरवायचं, न्हाऊ घालायचं, पन बोलायचं नाय. तुमच्या कागदात तसं लिवलंय म्हनतात."

तुमच्या कागदात.

माझ्या बाईंनी मला बाकावर उभं केलं तेव्हा निदान स्वतःच्या तोंडाने केलं होतं. मी तेच काम लेटरहेडवर केलं. माझ्या घशात काही नव्हतं, डॉक्टर बरोबर होते. जे होतं ते त्या कागदावर होतं.

दुसऱ्या दिवशी मी नवा रिपोर्ट लिहिला. वाचा सामान्य. थेरपीची गरज नाही. सांभाळणाऱ्या बाईंनी मुलीशी पूर्वीसारखं बोलावं. मॅडमनी वाचला. थंडपणे म्हणाल्या, "हा तुझ्या बॅकग्राउंडचा प्रश्न आहे. तो पेशंटवर काढू नकोस."

"ती पेशंट नाहीच," मी म्हटलं.

कागद घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेले. रेवाची आई, रेवा, मंगलताई, आणखी दोन पालक. सगळ्यांसमोर बोलले. घरी बोलते तशी.

"तुमच्या मुलीला काय झालेलं नाय. मी खोटं लिवलं होतं, सही माझी हाय. मंगलताईंना तिच्याशी बोलू द्या. नायतर ही पोर बोलायची थांबेल."

"मग इतके दिवस इथे काय चाललं होतं?" आई किंचाळली.

"तिला गप्प करत होतो. तुम्ही आन् मी."

दुपार उलटून गेली होती आणि माझा आवाज शाबूत होता. एकदाही फाटला नाही. संध्याकाळी नोकरी गेली.

पंधरा दिवसांनी मंगलताई लालबागच्या बाजारात भेटल्या. मसाल्याच्या दुकानापुढे. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"माझं काम गेलं. तुमी खरं बोललात, पन आधी बोलायचं व्हतं."

"रेवा कशी आहे?"

"मला काय म्हाईत? दारात तरी उभं करतात का मला?" आणि त्या चालू लागल्या.

  माझी सुटका झाली ती त्यांच्या नोकरीच्या मोलावर, हे मी लपवत नाही.

आता मी परळला एका सरकारी रुग्णालयात आहे. कंत्राटी. लकवा येऊन वाचा गेलेली माणसं माझ्यासमोर बसतात. खुर्च्या पुरत नाहीत. पगार कमी, माणसं दुप्पट. संध्याकाळी पाय सुजतात. पण सकाळी मी जिन्यात बसत नाही. मैत्रिणी विचारतात, तिकडे एवढी दमायचीस, मग आता एवढं काम झेपतं कसं? काम वाढलंय. खोटं बोलणं बंद झालंय. मी दमत होते ती त्याने.

परवा एक कोळीण आजी आल्या. दोन महिने तोंडातून शब्द नव्हता. माशाचं चित्र पाहिलं, ओठ थरथरले, आणि म्हणाल्या, "म्हावरं." शेजारची शिकाऊ मुलगी लगेच म्हणाली, "आजी, मासा म्हणा."

मी तिचा हात धरला. "त्यांचा शब्द आलाय. तो लिही. खाडाखोड न करता लिही."

तिने लिहिलं.

पण एवढ्याने माझी सुटका नाही. त्या क्लिनिकमध्ये मी ज्या धडधाकट मुलांना दोषी ठरवलं, त्यांचे रिपोर्ट कुठल्यातरी कपाटात आहेत. आमची नोंदणी करणाऱ्या परिषदेला मी अर्ज केलाय. बोलीला आजार ठरवणं बंद करा, चौकशी करा. रुग्णालयातले एक वरिष्ठ म्हणाले, "वेडी आहेस का? सह्या तुझ्या. आधी तुझंच रजिस्ट्रेशन जाईल."

माहीत आहे. अर्जात पहिलं नाव माझंच घातलंय. आठवतील तेवढे रिपोर्ट खाली लिहिलेत, प्रत्येकापुढे 'हे मी केलं' असं लिहून.

अर्ज मागे घे, म्हणून मॅडमचे दोन निरोप येऊन गेले. दुसऱ्यात धमकी होती.

मी अर्ज मागे घेणार नाही.