कान्ह्यातलं कोरडं अंगण

सांगलीहून निघताना मी लेकाला फोनवर बजावलं, "चार दिवस एकटी राहून दाखवते. धड परत आले, तर घर विकायचा विषय पुन्हा काढायचा नाही."

लेक बंगळुरात असतो. त्याचे वडील गेल्यापासून त्याचं एकच पालुपद, 'आई, तू इकडे ये.' त्याचंही चूक नाही. महिन्यातून दोन-तीनदा मला पहाटे जाग येते आणि अंग हलत नाही. डोळे उघडे, कान जागे, हातपाय मात्र लाकडाचे. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, दोन मिनिटांत सुटतं. ती दोन मिनिटं डॉक्टरांना काढावी लागत नाहीत! पूर्वी माझ्या घशातली घरघर ऐकून हे मला गदागदा हलवायचे. आता शेजारी नुसती उशी असते.

मी बसवर कंडक्टर होते. मुंबईच्या फेरीत लोणावळा शेकडो वेळा पाहिलं, पण दहा-दहा मिनिटांचं. चहा घशात ओतायचा आणि डबल बेल द्यायची. या वेळी मी उतरले आणि बस माझ्याशिवाय निघून गेली, तेव्हा हात सवयीनं बेलच्या दोरीसाठी वर गेला.

आधी भुशीला गेले. हिवाळ्यामुळे धरणाच्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. कणीसवाला म्हणाला, "मावशी, एकट्याच? मग फोटो कोण काढणार?"

"थोबाड रोज आरशात बघते की," मी म्हटलं. तो हसला. पण कणीस खाईपर्यंत तीन कुटुंबांनी माझ्या हातात मोबाईल देऊन आपापले फोटो काढून घेतले, आणि तेवढ्याच वेळा मी 'जरा जवळ या' म्हटलं.

दुपारच्या रिकाम्या लोकलनं पुण्याच्या वाटेवरच्या कान्ह्याला उतरले. सुमन नावाची पन्नाशीची बाई गावातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. भात कापून झालेला, खाचरांत (भाताच्या वाफ्यांत) नुसती खोडं उरलेली. रात्री तिनं इंद्रायणीचा मऊ भात आणि पावट्याची आमटी वाढली. जाताना म्हणाली, "ताई, सकाळी उठल्याव तेवढं दाराम्होरं पानी मारा. बादली भरून ठिवलीया."

मला रागच आला. पाहुणी म्हणून यायचं आणि सडा आपणच मारायचा? सकाळी मी ठरवून बादलीला हात लावला नाही, मोबाईल बघत लोळत पडले. ऊन डोंगरावरून खाली आलं आणि दार धडाधड वाजलं. सुमन होती, मागे शेजारच्या दोघी.

"बऱ्या हायसा न्हवं?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

सुमन शांतपणे म्हणाली, "आमच्या आळीत लय बाया एकल्याच ऱ्हात्यात. मागं एक म्हातारी घरात पडली, तर दुपारपातूर कुनाला कळलं न्हाई. तवापास्नं ठरलंय. उनं पडली आन् अंगण कोरडं दिसलं, तर दार वाजवायचं."

मी ओशाळले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून अंगण असं भिजवलं की चिखल झाला.

तिसऱ्या पहाटे ते आलं. जाग आली तर अंग आपलं नव्हतंच. छातीवर कुणी गुडघा टेकल्यासारखं ओझं. बाहेर खराटे ऐकू येत होते, बादल्या आदळत होत्या. एकेक अंगण भिजत चाललं होतं आणि माझं कोरडंच होतं. मग आठवलं, सवयीनं मी आतून कडी लावली होती. कुणी आलं तरी आत कसं येणार? इतकी भीती मला हे गेले तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा निदान रडता येत होतं.

"ताई! ओ ताई!" सुमनची हाक. दार वाजलं, पुन्हा वाजलं. मी सगळा जीव पायाच्या अंगठ्यात गोळा केला. तो हलला, आणि अंग सुटलं. भिंत धरत जाऊन कडी काढली.

सुमननं माझ्या तोंडाकडे बघितलं. "दाबलं व्हय?" (झोपेत अंग जखडतं त्याला इथे 'दाबणं' म्हणतात.) "मला बी दाबतंय, म्हातारा गेल्यापास्नं." ती खाटेवर टेकली आणि उन्हं आत येईपर्यंत उठली नाही. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले.

संध्याकाळी लेकाचा फोन आला. "त्रास झाला का गं?"

"झाला."

"मग? अट तूच घातली होतीस."

"घातली होती. अट चुकली माझी. एकटीनं राहायचं म्हणजे कुणाला काही सांगायचंच नाही, असं धरून बसले होते. दोन महिने दे मला, मग घराचं बोलू."

तो म्हणाला, "बरं."

सांगलीला पोचले आणि पिशवी घरात न टाकता समोरच्या फ्लॅटची बेल दाबली. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, एकट्याच. पाण्याच्या टाकीवरून आमचं वाजलं, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून जिन्यात भेटलो तरी माना फिरवायचो. त्यांनी साखळी न काढता फटीतून पाहिलं.

मी एका दमात सांगून टाकलं, "पहाटे कधी कधी माझं अंग हलत नाही. सातनंतरही दुधाची पिशवी माझ्या दाराला दिसली, तर बेल वाजवाल?"

त्या वळल्या. आत गेल्या. झालं, मिटलं, असं मला वाटलं. पण परत येऊन त्यांनी साखळी काढली आणि एक किल्ली माझ्या हातात ठेवली.

"ही माझ्या घराची. तुमचीही एक द्या. मागच्या महिन्यात मी न्हाणीघरात पडले होते. सकाळपासून हाका मारत होते. दुपारी कामवाली आली, तेव्हा तिनं उठवलं."

मी वार विचारला. मंगळवार, त्या म्हणाल्या, अंगारकीचा. त्या दिवशी मी घरातच होते. टीव्ही लावला होता.