मोकळी टाच, वर गेलेली मान

साध्या स्कीवर बूट पुढून-मागून जखडलेला असतो. टेलेमार्क या स्कीच्या जुन्या प्रकारात टाच मोकळी. वळताना एक पाय मागे न्यायचा, टाच उचलायची, गुडघा बर्फाकडे झुकवायचा. मुलगी हे इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या क्लबात शिकली. मी मराठीत विचारायचं आणि तिने दारातून बाहेर पडता पडता जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, एवढाच आमचा संवाद उरला होता. पुढच्या हिवाळ्यापासून ती क्लबबरोबरच जाणार. त्याआधी एकदा तरी तिच्यासोबत वरून खालपर्यंत उतरायचं, एवढीच माझी इच्छा होती.

इंजिनिअर माणूस, सगळे खेळ जोडून पाहिले. लांगलाउफमध्ये, म्हणजे सपाटीवरून स्की घसटत लांबवर जाण्यात, टाच मोकळीच असते. बर्फात कड दाबायला स्नोबोर्डने शिकवलेलं. आणि गुडघ्याचं म्हणाल तर शाळेपासून सूर्यनमस्कार घालतोय. एक पाय मागे, टाच वर, तेच की.

“अरे, सतरंजी उतरणीला घालतं का कोणी?” बायकोने विचारलं. मी दुर्लक्ष केलं.

पहिल्याच वळणाला पाय मागे गेला, गुडघा वाकला आणि इतक्या वर्षांच्या शिस्तीने मानही वर गेली. आकाश छान होतं. उतार दिसेना. खेळ एकमेकांना पूरक असतात हे खरंच आहे. लांगलाउफने मला न थांबणं दिलं, स्नोबोर्डने बुडावर बसणं. दोन्ही एकत्र आलं आणि मी बसल्या बसल्या बराच खाली गेलो.

“बाबा, वर काय बघतोस?” ती जर्मनमध्ये म्हणाली.

“सवय.”

“आणि आता?”

“आता परत.”

परत तेच झालं. त्यानंतरही तेच. खाली तिच्या मैत्रिणी वाट बघत होत्या.

“मी थांबू का?” तिने विचारलं. चक्क मराठीत. म्हणजे माझी दया आली असणार.

“नको, तू जा.”

आमच्याकडे ‘नको’ निदान दोनदा मोडून काढतात, मगच ते खरं धरतात. पाहुणा पोळीला नको म्हणतो, आपण वाढतो. ती इथे वाढली. नको म्हणजे नको.

ती गेली. वळणं फार सुंदर घेत होती.

स्की खांद्यावर टाकून मी कडेकडेने चालत खाली पोचलो. तिने फोन पुढे केला. “आमचा फोटो काढतोस?”

मी हातमोजे काढले.

“बाबा, अजून थोडा मागे हो.”

झालो.