तोडगा

"सर, आत या की. उनात कशाला हुबं ऱ्हाता," आबा म्हणाले. कुलकर्णी सरांनी चपला काढल्या आणि ते देवळात गेले.

मी पायरीखाली उभी होते. हातात माईक. वायर आतल्या मशीनपासून निघून उंबऱ्यावरून, पायऱ्यांवरून माझ्यापर्यंत आलेली. चौथीचा पाठ अर्ध्यावर होता.

मी त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. मूळची घोडेगावकडची. आई-बाप ऊस तोडायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि ते मी कुठंही मान वर करून सांगते.

कोरोनात शाळा बंद झाली. वरून हुकूम आला, ऑनलाईन शिकवा. कशावर शिकवा? बहुतेक घरांत फोन एकच, तोही बापाच्या खिशात, आणि बाप तिसगावच्या बाजारात. पोरं बांधावर. तेव्हा माझ्या डोक्यात देवळाचा भोंगा आला. सकाळी भोंग्यावरून शिकवायचं, पोरांनी आपापल्या अंगणात पुस्तक घेऊन बसायचं.

कुलकर्णी सर माझ्या शाळेतले सगळ्यात जुने शिक्षक. मला ताई म्हणायचे. डब्यातली भाजी आधी माझ्या ताटात वाढायचे. ते तेव्हा नगरला घरी अडकले होते. त्यांनी तिथून देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष आबा यांना फोन लावला. मग मला लावला. "ताई, झालं काम. फक्त बाहेरून बोला. सध्या अंतर पाळायचंय ना."

अंतर. तो शब्द गावाला मीच शिकवला होता. किराणा दुकानापुढं, गिरणीपुढं मी स्वतः खडूनं गोल काढले होते. देवळं तर सरकारनंच बंद केलेली. म्हणून पायरीखालीही मी एक गोल काढला आणि त्यात उभी राहिले. माझ्या हातानं.

पाठ सुरू झाले. गल्लीगल्लीतून पाढ्यांचा आवाज यायला लागला. आईनं एकदा विचारलं, "तू भोंग्यात बोलतीस, ती कुठं बसून?"

"पायरीखाली उभी राहून."

"व्हय का," म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. ती काय समजली ते मला तेव्हा कळलं नाही. शिकलेली मी होते ना.

मग गाड्या सुरू झाल्या आणि सर आले. देऊळ अजून बंदच होतं. रोग अजून होता. आणि सर आत, आबांच्या मांडीला मांडी लावून चहा पीत होते.

माईक चालूच होता. मी त्यातच विचारलं, "आबा, सर आत बसले. मी आत येऊन शिकवू का?"

आबांचा कप हातातच राहिला. "मॅडम, आधी त्यो माईक बंद करा."

"नाही करत. सांगा."

"अवो, सगळ्या गावाला ऐकू जातंय."

"जाऊ द्या. येऊ का आत?"

"रीत हाय मॅडम. आमी काय नवी काढली न्हाई," ते म्हणाले. तेवढं पायरीपर्यंत आलं आणि भोंग्यातून गावभर गेलं.

मी माईक पायरीवर ठेवला. बंद न करता. आणि शाळेकडं चालू लागले.

सर मागून धावत आले. मी त्यांना एकच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"अहो ताई, मीच तर तोडगा काढला. आबा भोंगाच द्यायला तयार नव्हते. म्हटलं, त्या बाहेरून बोलतील, त्यांना काही वाटणार नाही. मुलांचं काम झालं ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उपकार केल्यासारखा चेहरा होता. आबांची रीत मला ओळखता आली असती. हा माणूस माझ्या ताटात भाजी वाढत होता.

दुसऱ्या दिवशी भोंगा गप्प. दळणाच्या रांगेत एक बाई मला ऐकवून म्हणाली, "मॅडमनी आपला मान बघितला, पोरांचं न्हाई बघितलं." ते लागलं. अजून लागतं. रात्री आई म्हणाली, "शाळा तुजी हाय नव्हं? मग देवळाच्या दारात कशाला गेल्तीस?"

आम्ही राहायचो त्या बौद्ध वस्तीतल्या पोरांनी जयंतीचे स्पीकर टेम्पोत घालून आणले आणि शाळेच्या गच्चीवर चढवले. पाठ पुन्हा सुरू झाले. वरच्या आळीपर्यंत आवाज पोचत नव्हता. म्हणून दुपारी मी तिकडं चालत जायचे, कडुनिंबाखाली शिकवायचे. काही घरांनी पोरं पाठवली. काहींनी नाही. न पाठवलेल्यांतली दोन पोरं वाचायला विसरली, हे मी लपवत नाही. पण त्याचा दोष मी माझ्या एकटीच्या डोक्यावर घेणार नाही.

शाळा भरली त्या दिवशी सर म्हणाले, "ताई, झालं गेलं सोडा आता."

मी म्हटलं, "मॅडम म्हणा. आणि सोडलेलं नाही."

माझ्याविषयी जे ठरायचं ते माझ्यासमोर ठरेल. माझ्या पाठीमागं ठरलेलं मी पाळणार नाही, मग ते मुलांचं नाव घेऊन ठरवलेलं का असेना.