पेटीवरची देवी

विजेची पेटी उघड्यावर असेल तर वायरीचा पाईप खालून आत घ्यायचा, वरून नाही. एवढीशी गोष्ट सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली आहे. सोनाळ्याच्या आसपास मी पंधरा-वीस वर्षं वायरमनकी करतो, आणि अजूनही लोक म्हणतात, "वरूनच टाक ना बे, वायर कमी लागते." वायर कमी लागते, अन् पाणी? ते पाईपावरून ओघळत सरळ पेटीत शिरतं. मग हेच शहाणे पेटीवर खताची रिकामी थैली बांधतात. आत वाफ धरते, स्क्रू गंजतात, पाल मुक्कामाला येते. "ग्लँड बसवू का? वायरीभोवती रबर आवळून बसते, थेंब जात नाही," असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कायले? पन्नी हाये ना!" डोकं फिरतं माझं.

आता माझ्या घरचं ऐका. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अंगणातल्या बोअरच्या मोटरची लोखंडी पेटी मीच बसवलेली, आणि पाईप वरून. हो, वरूनच! घाईत होतो, पुढच्या आठवड्यात सुधारू म्हटलं. तो आठवडा काही उजाडला नाही. त्यात झाकणावरचा इंडिकेटरचा दिवा फुटला आणि तिथे रुपयाएवढं भोक राहिलं. अगरबत्तीच्या पुड्यासोबत देवीचा स्टिकर आला होता, तो चिकटवला भोकावर. गावाला ग्लँड शिकवायचं आणि घरी स्टिकर. वा रे वायरमन!

दोन वर्षांनी श्रावणात झड लागली. तीन दिवस पाऊस उघडला नाही. चौथ्या दिवशी सकाळी माय मोटर लावायला गेली आणि "माय वं!" अशी किंकाळी आली. धावत जाऊन ओसरीतला मेन स्विच बंद केला आणि बाहेर गेलो. ती चिखलात बसली होती, उजवा हात डाव्या हातात धरून, ओठ पांढरे पडलेले. तिला उचलून उभं केलं.

"चप्पल कुठं हाये तुही?" मी ओरडलोच. मोटर लावताना पायात घालायला म्हणून रबरी चपलांचा एक जोड मी तिथे मुद्दाम ठेवला होता. जोड तिथेच होता, पायरीवर नीट काढून ठेवलेला.

"काढली," ती म्हणाली.

"काऊन काढली वं?"

"मंग? देवीम्होरं चपला घालून उभी राहू का मी? रोजच काढा लागते."

रोजच! म्हणजे दोन पावसाळे ती त्या पेटीपुढे अनवाणी उभी राहत होती. आणि तो स्टिकर चिकटवून तिच्या पायातली चप्पल मीच काढायला लावली होती. स्वतःचा आला इतका राग मला कुठल्याच गिऱ्हाइकाचा आला नव्हता.

त्याच दिवशी पेटी उतरवली. आतून कपभर पाणी निघालं, अर्थिंगची वायर गंजून तुटलेली. नवी पेटी पत्र्याच्या आडोशाला लावली. पाईप खालून घेतला, वायरीला आत शिरण्याआधी खाली झोल दिला, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतो. ग्लँड आवळले, अर्थिंग नवं केलं, फटीत सिलिकॉन भरलं. स्टिकर अलगद सोलून देवघरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर माय परत अनवाणी.

"अवं, आता कुठं हाये देवी?"

"होती ना येथं."

"ते पेटी गेली, माय. हे नवी हाये."

"मोटर तं तिचीच हाये ना?"

मी कपाळावर हात मारला. भांडून पाहिलं, हात जोडून पाहिले, बहिणीला फोन करायला लावला. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून आता रोज सकाळी आधी मी जातो. पेटीला चारी बाजूंनी टेस्टर टेकवतो, दिवा लागत नाही ना ते डोळे ताणून पाहतो. ती माझ्या मागे अनवाणी उभी असते.

"झाली का तुही पूजा?" ती विचारते. "मंग सरक."