वांग्यांच्या पोत्यात गेलेली कादंबरी

ताईला बघायला धनजचे पाहुणे आले, तो दिवस. किन्हीराजात आमचं दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर होतं. मी पंधरा वर्षांचा, ताई सतराची. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट... नक्की साल विचारू नका. मी सातवी नापास माणूस आहे, लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. आमचा भाजीपाल्याचा मळा होता. मेथी, मिरची, वांगी. पाहुणे आले त्याच्या दोन वर्षं आधी आई महिनाभर वाशिमच्या दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवरची बाई बसून स्वेटर विणायची. बाबा बघत बघत तिच्याकडून शिकले. आई घरी आली नाही... विणकाम तेवढं आलं.

विणायच्या सुया आमच्याकडे कुठल्या? बाबांनी सायकलच्या चाकाच्या दोन तारा आणल्या आणि दगडावर घासून टोकं गुळगुळीत केली. पारावर बसून उघड विणायचे. येणारा-जाणारा म्हणायचा, "काहो भाऊ, आता बांगड्या बी भरून घ्या न!" बाबा मान वर न करता म्हणायचे, "आन तू, माप सांगतो." सगळे हसायचे. मी मात्र तिथून निघून जायचो.

त्यात भर म्हणजे कादंबरी. चौथी शिकलेला माणूस, लांब वहीत पेन्सिलीनं कादंबरी लिहीत होता! मोट मी हाकायचो. ते वाफ्यात पाणी सोडून बांधावर लिहायला बसायचे. लिहिण्याच्या नादात वाफा भरून फुटायचा आणि ताई ओरडायची, "बाबा, वांगे पोहून राह्यले!"

एकदा मी चोरून चार पानं वाचली. त्यात एक बाई दवाखान्यातून बरी होऊन घरी येते. दारातूनच विचारते, एवढी जाड भाकर कोणी थापली? ते आईचं बोलणं होतं... मी वही मिटून ठेवली.

तर पाहुण्यांचा दिवस. सकाळपासून मनात एकच. पाहुणे म्हणतील बाप येडा आहे, पोर काय घ्यायची या घरातली. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच. अजून काही झालेलं नसतं आणि मी घाबरून बसलेला असतो.

पाहुणे सांगितल्या वेळेच्या आधीच आले. बाबा पाय धुवायला पाणी देत होते. मी तारा कवेलूत खोचल्या. वही कुठं ठेवू सुचेना... दाराशी वांग्यांचं अर्धं भरलेलं पोतं होतं. त्यात खुपसली आणि वर चार वांगी लोटली. पाहुणे गेले की काढू, एवढाच विचार.

मी आत पोह्यांच्या बशा मांडत असताना आमचा माल बाजारात नेणाऱ्या शेजारच्या काकांनी पोतं भरलं, तोंड शिवलं आणि बैलगाडीत टाकलं. त्या दिवशी जवळच्या मालेगावचा बाजार होता. मला पत्ता नाही.

चहा झाल्यावर मुलाचे वडील बाबांना म्हणाले, "गावात शिरलो तवा एकानं सांगतलं, तुमी पुस्तक लिहून राह्यले म्हने. आमच्याकडं पोथी वाचनारे लय हायेत, लिवनारा कोनी नाई. दोन पानं ऐकवा न आमाले."

टिंगल नव्हती त्यात. बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू... आई गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता. लगबगीनं उठले आणि कोनाड्यात हात घातला.

कोनाडा रिकामा. त्यांनी अंथरूण उलटलं, कोठीमागं पाहिलं, परत कोनाड्यात हात घातला. "इथंच तर ठेवली होती," असं दोनदा म्हणाले. मी दाराकडं पाहिलं. पोतं नव्हतं.

गाडी नाल्याच्या उतारावर होती, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. पण मग वही पोत्यात कशी गेली ते सांगावं लागलं असतं. बाबा, मला तुमची लाज वाटली... हे पाहुण्यांसमोर कसं सांगू? मी पाण्याचा तांब्या धरून गप्प उभा राहिलो. आवाज ऐकू येईनासा झाला.

पाहुणे गेल्यावर मी मालेगावकडं पळत सुटलो. पोचलो तोवर एका व्यापाऱ्यानं आमची सगळी पोती उचलून मोटारीत घालून नेली होती. व्यापारी कुठला, कोणालाच माहीत नव्हतं.

लग्न जमलं. ताई धनजला गेली ती बाबांनी विणलेलं स्वेटर घेऊन. विणकाम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मी नवी वही आणून दिली, तर म्हणाले, "आता नाई जमत बाप्पा." पुन्हा एक ओळ लिहिली नाही. मी विषय काढला नाही आणि ते गेले.

मागच्या महिन्यात धनजला ताईकडे गेलो होतो. आमचं दोघांचं वय आता असं, की पुढची भेट होईल की नाही याची धास्ती. सगळं सांगून टाकलं.

"बाबाले त्याच दिवशी मालूम झालतं," ती म्हणाली. "पाहुने जाताच काकाच्या गाडीमागं तू पळत गेला, वही पोत्यात गेली हे तवाच त्यायनं ओळखलं. मले म्हने, त्याले काई इचारू नको. पोरगं आदीच भेकड हाये, जिवाले लावून घेईन."

आईला त्यांनी कागदावर घरी आणलं होतं. ती माझ्यामुळं दुसऱ्यांदा गेली... आणि त्यांना काळजी माझी.

त्या दिवसापासून झोप नीट नाही. बाबा, उपकार आहेत तुमचे. पण एकदा तरी विचारायचं होतं हो... मी सांगितलं असतं. बहुतेक सांगितलं असतं.