घारी हाकणारा तुळशीदास

तुळशीदास जातीचा कोळी, आणि दर्याला घाबरायचा! कोळीवाडा हसायचा. हसणाऱ्यांच्या बापाचं काय जातं? बासष्ट सालच्या तुफानात याच्या डोळ्यांदेखत थोरला भाऊ महादू होडीतून पाण्यात पडला, तो गेलाच. तेव्हापासून तुळशीदासने पाण्याकडे बघणंच टाकलं.

नशिबाने कोळीवाड्यामागच्या जुन्या विमानतळावर नोकरीला चिकटला. मोठी विमानं केव्हाच सांताक्रूझला गेली होती, इथे विमान चालवायला शिकणाऱ्यांची चिमुकली विमानं तेवढी उरली होती. धावपट्टीवर घारी उतरल्या की पत्र्याचा डबा बडवून हाकायच्या, हे याचं काम. झकास नोकरी, पण जीव रमेना. बाप सांगून गेला होता, "घार मासळी दाखवते रं, तिचा वाटा तिला द्यायचा." आणि हा तिलाच हुसकावतोय! मग रोज सकाळी धावपट्टीच्या टोकाला मूठभर बोंबील टाकून हा हात जोडायचा, "पोटभर खावा नि जावा, बायांनो."

बाया कशाला जातील? सहाच्या साठ झाल्या. तुळशीदास पार चक्रावला. एवढं खाऊ घालतो, तरी यांचं समाधान का होत नाही? त्याने बोंबील वाढवले!

अखेर एका विमानाच्या काचेवर घार आदळली. चालवणारा वाचला, पण विमानतळाच्या साहेबाने तुळशीदासला बजावलं, "महिन्याभरात घारी नाही गेल्या, तर तू जायचंस." नोकरी गेली की मेहुण्याची होडी, म्हणजे पुन्हा दर्या. तरी तुळशीदास रात्री सकाळचे बोंबील डब्यात भरत बसला.

बायकोने, मथुराने, डब्यातले बोंबील पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अरं मुडद्या, जेवायला तूच बोलावतंस, नि का आल्या म्हणून रडतंस?"

बोंबील बंद झाले. पण घारी आता त्याला ओळखत होत्या! हा डावीकडे गेला की त्या डावीकडे, हा उजवीकडे की त्या उजवीकडे. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मात्र आभाळ मोकळं. साहेबाच्या ते ध्यानात आलं. त्याने बोलावून सांगितलं, "उद्यापासून धावपट्टीवर पाऊल टाकायचं नाही."

तुळशीदास घरी येऊन ढसाढसा रडला.

"पुढं काय बोलला साहेब?" मथुराने विचारलं.

"मना नाय ठाव. माझं डोकंच चालेना."

पुढचं सांगायला दुसऱ्या दिवशी साहेबाचा शिपाई अंबादास आला. "अरे, नोकरी आहे तुझी! विमानं उडायच्या वेळी तू किनाऱ्यावर उभा राहायचंस. बोंबील टाकायचेस, घारी तिकडेच थांबवायच्या. पगार तोच."

घारी हाकायचा पगार घेऊन घारी बोलवायच्या? तुळशीदासला हसावं की रडावं कळेना. आणि किनाऱ्यावर? ज्या दर्याला टाळायला नोकरी धरली, त्याच दर्यावर नोकरीने धाडलं!

पहिल्या दिवशी तो पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. डोक्यावर घारी फिरू लागल्या. त्याने बोंबील भिरकावले, वारा उलटा होता, ते मागे लाटांत पडले. घारी तिकडे झेपावल्या. किती आल्या, सगळ्या आल्या का, हे बघायलाच हवं होतं. तुळशीदास वळला. आठ वर्षांनी त्याने दर्या पाहिला.

"महादूदादा," तो म्हणाला, आणि डब्यातला सगळ्यात मोठा बोंबील त्याने घारींच्या पलीकडे, खोल पाण्यात फेकला.