मशीन असेल त्या गावाला

महादेवी सिस्टर गेल्या, हे कळलं तेव्हा माझ्या हातात दोन सुया होत्या. मी डायलिसिसच्या खोलीत पडलेले, आणि महादेवी सिस्टर, म्हणजे माझी थोरली बहीण, माझी अक्का, त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर ड्यूटीवर. मला मशीनला लावून, "गप पडून ऱ्हा सुमे, मी आलेच," म्हणत ती वर गेली होती. एका पेशंटचं सलाईन बदलता बदलता खाली बसली... ती उठलीच नाही. सुया काढा म्हणून मी ओरडत होते. "मावशी, हलू नका, तुमचं रक्त भाईर हाय. ते आत येऊ द्या की," असं म्हणणारा टेक्निशियनही रडत होता. बहीण वर मरून पडलेली आणि मी खाली स्वतःचं रक्त परत यायची वाट बघत. महिना होत आला, पण त्या खाटेवरून मी अजून उतरलेच नाही असं वाटतं.

आम्ही मूळच्या कर्नाटकच्या सीमेवरल्या मैंदर्गीच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. लहानपणी बाजारच्या दिवशी अक्का भाजीला म्हणून जायची आणि स्टँडवर एसटीच्या पाट्या वाचत उभी राहायची. सोलापूरला नोकरी लागल्यावर सणावाराच्या ड्यूट्या ती आपण होऊन घ्यायची. दिवाळीला बाकीच्या सिस्टर घरी जायच्या आणि ही पेशंटना फराळ भरवायची. मग साठलेल्या सुट्ट्या घेऊन जी गायब व्हायची, ती कधी कोकणात, कधी पार हिमाचलात. पेशंटच्या अंगाला तिनं चिडून कधी हात लावला नाही. सुट्टी नाकारणाऱ्या मेट्रनशी मात्र कडाकडा भांडायची, तेही कन्नडमधून, कारण मेट्रनला कन्नड कळत नसे.

माझ्या किडन्या गेल्या आणि मी तिच्याकडे राहायला आले. आता हिचं फिरणं संपलं, असं जो तो म्हणू लागला. त्या विचारानं मला रडू आवरेना. अक्कानं सरळ म्हैसूरच्या एका दवाखान्याला फोन लावला, कन्नडमधून चौकशी केली आणि मला म्हणाली, "रडतीस काय? मशीन हाय तितं. बॅग भर."

मग मशीन असेल त्या गावाला आम्ही गेलो. लोक देवळं, किल्ले सांगतात, मी छतं सांगते. म्हैसूरचं छत पोपडे आलेलं, कन्याकुमारीला खिडकीतून चिंधीएवढा समुद्र. मी मशीनवर असताना अक्का गाव पालथं घालायची आणि घामाघूम होऊन उशाशी येऊन सगळं सांगायची. तिथल्या सिस्टरांना शेंगाचटणीचा पुडा द्यायचाच, सोलापूरची माणसं म्हटल्यावर! मला शेंगदाणा बंद. "तू वास घे," म्हणायची आणि आपणच हसायची.

आता कुठलं गाव आणि कसलं काय. आधी कुणी ना कुणी धरून नेलं, पण गेल्या आठवड्यात मी मशीनला गेलेच नाही. दवाखान्यातून फोन आले, मी उचलले नाहीत. पाय सुजले, आडवं पडलं की धाप लागायची. न गेल्यानं काय होतं हे मला कुणी सांगायला नको, नर्सची बहीण आहे मी. मरायचं होतं असंही नाही. पण तिच्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकायचं कसं, हे अजूनही मला कळत नाही...

मशीनसाठी माझ्या डाव्या हातात शिरा जोडलेल्या आहेत. त्या जागी बोट ठेवलं की आतून थरथर लागते. ती थांबली की संपलं. रोज सकाळी चहाच्या आधी अक्का तिथे दोन बोटं ठेवायची, डोळे मिटायची आणि "चालू हाय" म्हणायची. ती गेल्यापासून मी तिथे हातही लावला नव्हता. बंद पडली असेल तर सुटले, असंच मनात होतं.

परवा सकाळी ओट्यापाशी उभी असताना माझीच बोटं तिथे गेली. थरथर लागत होती, चांगली जोरात. "चालू हाय," माझ्या तोंडून निघालं, थेट तिच्याच सुरात, आणि मी ओट्याला धरून हमसून हमसून रडले. मग रिक्षा बोलावली.

दवाखान्यात नवीन सिस्टर होती. सुई हातात घेऊन तिनं विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"कुणी नाही," म्हणाले, आणि हात पुढे केला.